काचेबाहेरचा अडकित्ता

मंडळी, हा माझ्या आजीचा अडकित्ता. इकडे येताना मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली आणि ‘हे कशासाठी?’ असं विचारलं. ‘सुपारीसाठी’ हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. मुंबईत सुपारी आणखी कशाची देतात ते वेळेवर आठवलं आणि मी ‘पानाच्या डब्यातला आहे हो’ म्हणालो.

परवा ऑक्सफर्डला पिट रिव्हर्स म्युझियम पाहिलं. तिथे वस्तू देशवार लावलेल्या नाहीत. जगभरच्या टोपल्या एका ठिकाणी, दिवे दुसरीकडे. जनरल पिट-रिव्हर्स यांनी आधी बंदुका जमवल्या. बंदुकीत जसा थोडाथोडा बदल होत गेला, तसाच माणसाच्या प्रत्येक वस्तूत साध्याकडून अवघडाकडे होत जातो, हे त्यांना दाखवायचं होतं. १८८४ साली त्यांनी विद्यापीठाला सुमारे २६ हजार वस्तू दिल्या. त्यांची ती ‘मागासलेले-पुढारलेले’ अशी शिडी केव्हाच मोडली. मांडणी मात्र राहिली, आणि मला ती फार आवडली.

आमच्या पुण्यात बाजीराव रस्त्यावर दिनकर केळकरांनीही घरगुती वस्तूच जमवल्या. दिवे, वज्री, कुलपं, अडकित्ते. ते कवी, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहायचे. सिद्ध काहीच करायचं नव्हतं. वस्तू दिसली की जीव जडायचा. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. तिथल्या अडकित्त्यांत मोर आहेत, घोडे आहेत, मिठीतली जोडपीसुद्धा आहेत. आजीने ती पाहिली असती तर पदर तोंडाला लावून दोनदा पाहिली असती.

ऑक्सफर्डच्या बारीक हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्यांवर वस्तू कोणी दिली, कधी दिली, ते असतं. घडवणाऱ्याचं नाव बहुधा नसतंच. पण हात दिसतो. हा अडकित्ताच पाहा ना: अंग पितळेचं, पातं पोलादाचं, कारण पितळेला धार टिकत नाही. म्हणजे ओताऱ्याचं काम आणि लोहाराचं काम एका खिळ्यावर जुळलंय. याच्यावरच्या मोराची मान नुसती शोभेची असेल असं मला वाटायचं. मूठ आवळली की तिच्या बाकात अंगठा बरोबर बसतो. काचेतून हे कळायला मार्ग नाही.

म्हणून हा तुमच्यात फिरवतोय. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. पात्याला तेवढं बोट लावू नका, अजून कापतं.