पत आणि तिची नोंद



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हंगामाच्या आधीच वाशीचे अडते आंबा बागायतदारांस आगाऊ रक्कम देतात. ती कशाच्या बळावर? मागे शब्द पाळला की नाही आणि घराण्याचा लौकिक काय, एवढ्या चौकशीवर. ‘पत’ म्हणून आम्ही जिला ओळखतो ती हीच. अमेरिकेत व्यापार वाढून गिऱ्हाईक अनोळखी झाले, तेव्हा अशी चौकशी करून व्यापाऱ्यांना पुरविणारी पेढी लुईस टॅपन यांनी १८४१ साली न्यूयॉर्क येथे काढली. आपल्या देशात ‘सिबिल’ ही संस्था २००० साली स्थापन झाली, आणि या व्यवसायासाठी २००५ साली कायदा झाला. आज अशा चार संस्था आहेत.

बँका आपल्या कर्जदारांच्या नोंदी या संस्थांकडे पाठवितात. त्यांवरून व्यक्तीस ३०० ते ९०० यांमधील गुणांक मिळतो, व कर्ज मागताच बँक तो पाहते. दुकानदारास मात्र गिऱ्हाइकाचा अहवाल परस्पर मागविता येत नाही. मोठी उधारी मागणाऱ्याने तो स्वतः आणून दाखवावा, असे म्हणता येते. शिवाय समोरची पेढी वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरते की नाही, हे सरकारी संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

परंतु अवकाळी पावसाने मोहोर गळाला, हे अडत्यास कळते. गुणांकास कळत नाही. त्याला फक्त हप्ता चुकल्याचे दिसते. म्हणून अडचण दिसताच, हप्ता थकण्यापूर्वीच, बँकेत जाऊन बोलावे.

दुसरी गोष्ट जामीनकीची. आप्तांच्या भिडेखातर आपण सही करतो. पण कर्ज थकले की त्याचा डाग जामीनदाराच्या अहवालावरही पडू शकतो, आणि स्वतःच्या मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास गेल्यावर तो उघड होतो. भीड ही भिकेची बहीण. आप्तास साहाय्य अवश्य करावे, पण सहीपूर्वी त्याचा अहवाल मागण्यात संकोच मानू नये.

प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो प्रत्येक कुटुंबाने मागवावा. चूक आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे. वाडवडिलांनी मिळविलेली पत आता कागदावरही सांभाळावयाची आहे, एवढे लक्षात ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.