हेड गॅस्केटला स्प्रे मारायचा का?

इंजिनाचं हेड उतरलं की गॅरेजात हमखास वाद होतो. नव्या गॅस्केटला सीलंट स्प्रे मारायचा, की ते कोरडंच बसवायचं?

आधी गॅस्केट हातात घेऊन बघा. आजच्या बहुतेक मोटारींना पोलादी पत्र्यांचे तीन-चार थर असलेलं गॅस्केट येतं. बोट फिरवलं, तर रबरासारखा पातळ लेप जाणवतो. हाच लेप आणि पत्र्यावरच्या उठावदार कडा गळती रोखतात. त्यावर पुन्हा स्प्रे म्हणजे नसती उठाठेव. जुन्या इंजिनांच्या निव्वळ तांब्याच्या किंवा एकेरी पत्र्याच्या गॅस्केटची गोष्ट वेगळी. त्यांना तांब्याची पूड असलेला स्प्रे हलक्या हाताने मारतात, थोडा चिकट होऊ देतात, मग हेड ठेवतात.

हेड वाकलं असेल, तर मात्र कुठलाच डबा कामाचा नाही. सरळपट्टी आडवी धरून खाली फिलर गेजचं पातं सरकवा. मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत असते. अनेक गाड्यांत ती ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. त्यापेक्षा जाड पातं शिरलं, की हेड फेसिंगला पाठवायचं. आणि हो, बोल्टची भोकं पुसून घ्या. आत तेल साचलं असेल, तर टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो.