रजा आणि खाडा



चैत्र लागला की आपल्या कसबा पेठेतील पुष्कळ बिऱ्हाडांना कुलपे दिसू लागतात. कुणाच्या गावी भैरोबाची पालखी असते, कुणाला चैत्री पुनवेला जेजुरी गाठायची असते. तिकडे नारायणगावास तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, फडाला सुपारी देतात आणि जत्रेची रात्र ठरते.

दूर अमेरिकेतही असेच काही घडले. १८७४ साली न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी उन्हाळी व्याख्याने सुरू झाली. पुढल्याच वर्षी पुण्यात रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला उभी केली. १९०४ पासून शटॉक्वाचे तंबू आगगाडीने लहान लहान गावांत हिंडू लागले. व्याख्यान, गाणे, बँड, सारे एका तंबूत. गावातील व्यापारी तिकिटांची हमी लिहून देत, तेव्हा तंबू येई. म्हणजे तीही एक सुपारीच! पुढे मोटार, रेडिओ, बोलपट आणि मंदी आली आणि ते तंबू गुंडाळले गेले. त्यांच्या आठवणी मात्र तिकडे कितीतरी वर्षे गोडीने सांगितल्या गेल्या.

आठवणी गोड असाव्यात. परंतु माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला विचारावेसे वाटते, की तंबूत बसायला लागणारा मोकळा वेळ कोणी दिला? तो काही झाडाला लागत नाही. १ मे १८८६ रोजी अमेरिकेतील लाखो कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम थांबवले. शिकागोत त्यापायी रक्त सांडले.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांची संघटना बांधली. त्यांनी आठवड्याची सुटी मागितली, आणि रविवार हा खंडोबाचा वार, हे आपल्या माणसांना पटणारे कारण दिले. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने सुटी मान्य केली. भरपगारी रजेला मात्र पुढे पन्नासाहून अधिक वर्षे लागली. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला, दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा ठरवून दिली.

मंडळी, रजा निराळी आणि खाडा निराळा. रजेवर गेलेला माणूस देवदर्शन करून परततो, तेव्हा त्याची चूल थंडावलेली नसते. खाडा करणाऱ्याची त्या दिवसाची भाकर बुडते. आज आपल्या तांबट आळीत नगावर मजुरी घेणारा कारागीर, कंत्राटावरचा झाडूवाला, मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवणारा मुलगा, यांपैकी बहुतेकांना जत्रा म्हणजे खाडाच आहे. गाव त्यांनाही आहे, देवही आहे. पण दिवस नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. यंदा गावी निघताना, आपल्या दाराशी येणाऱ्या अशा एका माणसाला त्याच्या गावची जत्रा केव्हा असते ते विचारा. आणि तो दिवस त्याला मजुरी न बुडता मिळावा, म्हणून आमच्याबरोबर उभे राहा.