झाडावरची नोटीस



आपल्या चाकुरात गावालगतच्या शेतांचे प्लॉट पडू लागले आहेत. बांधावरची चिंच प्लॉटच्या मधोमध येते आणि एके दिवशी करवत येते. आमच्या घरामागची चिंच अशीच गेली. "परवानगीचा कागद आहे का?" एवढाच प्रश्न विचारायचा होता. मुकादम म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय," आणि मी शिकलासवरलेला माणूस गप्प घरात आलो. संध्याकाळी बगळे परतले, तेव्हा बुंधा ट्रकमध्ये चढला होता.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन अशा ठराविक झाडांची यादी आहे. मालकाच्या शेतातले असले तरी ते विनापरवाना तोडता येत नाही. ज्याच्या सावलीत आपला उन्हाळा जातो, तो कडुनिंब मात्र त्या यादीत नाही! नागरी भागासाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात जातीची अट नाही, झाड म्हणजे झाड. तोडण्यापूर्वी जाहीर नोटीस द्यावी लागते, ती झाडावरही लावावी लागते, आणि तुम्हाआम्हाला हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. असे झाड तोडावेच लागले, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून सात वर्षे जगवायची आहेत. वाळलेले, रोगट, अंगावर पडू पाहणारे झाड तोडायला परवानगी मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. घरापेक्षा झाड मोठे असे मी म्हणत नाही.

हे सरकारी खूळ आहे असे कोणी समजू नये. हजरत पैगंबर (स.) यांनी मदिनेच्या परिसराला हरम ठरवले आणि तिथली झाडे तोडण्यास मनाई केली. हजरत अबू बक्र (र.) यांनी लढाईला निघालेल्या फौजेलाही फळझाडे तोडू नका असे बजावले होते. इकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराला लाकूड हवे असले, तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये अशी ताकीद आहे. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, हे त्याचे कारण. झाड जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. म्हणजे परवानगी तेव्हाही घ्यावीच लागत होती.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. आपली झाडे जंगलात नाहीत, ती आपल्या वस्तीतच आहेत.

म्हणून माझी विनंती मुलामुलींना आहे. शिवणाच्या वर्गातला टेप घ्या. मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोठ्या झाडाचा छातीएवढ्या उंचीवरचा घेर मोजा आणि वहीत नाव, जागा, घेर, तारीख लिहा. वय आजी-आजोबांना विचारा. "माझं लग्न झालं तेव्हा एवढं होतं," असे कोणीतरी सांगेलच. ती वही नगरपंचायतीत दाखवा आणि नक्कल शाळेत ठेवा. आपल्याच संस्थेला उद्या नव्या वर्गखोल्या बांधायच्या झाल्या, तर पहिली नोटीस आपल्या आवारातल्या झाडावर लागेल. ती मोठ्याने वाचून दाखवा, आम्हालाही.