रिटायर माणूस कुणाचा?

(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'कामगार आणि युनियन'. बोलवणाऱ्यांना वाटलं असेल, हा गोदीतला माणूस, गोदीवर बोलेल. गोदीवर येतोच. पण आधी तुम्हाला अमेरिकेत घेऊन जायचंय. तिथल्या फुटबॉलवाल्यांच्या युनियनकडं. तुम्ही म्हणाल, इथं आपल्याला भाड्याची खोली मिळंना आणि हा डॉलर कमावणाऱ्या खेळाडूंचं रडगाणं काय गातोय? जरा दम धरा.

अमेरिका आपल्याला परकी कधीच नव्हती. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली ती तिथल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण करून. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस ह्या काळ्या विद्वानाला पत्र लिहिलं आणि काळ्यांनी युनोला दिलेला अर्ज मागवून घेतला. आणि १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती नाव घेऊन आली ओकलंड गावच्या ब्लॅक पँथरवरून. हे ओकलंड लक्षात ठेवा.

आता तो खेळ. नाव फुटबॉल, पण पायानं कमी आणि डोक्या-खांद्यानं जास्त खेळतात. शंभर-सव्वाशे किलोचा माणूस तेवढ्याच वजनाच्या माणसावर धडकतो. एका दुपारी पन्नास-साठ वेळा. डोक्यावर हेल्मेट असतं, त्यानं कवटी वाचते. आत मेंदू हिंदकळतो तो हिंदकळतोच. कित्येकांचा खेळ तीन-चार वर्षांत आटोपतो. मग राहिलेलं आयुष्य गुडघे, मणके आणि डोकं घेऊन काढायचं. खेळाडूंतले निम्म्याहून जास्त काळे. तिकीट मालकाचं, टीव्हीचा पैसा मालकाचा, हाडं यांची.

ह्या लोकांनी १९५६ साली युनियन काढली. नॅशनल फुटबॉल लीग प्लेयर्स असोसिएशन. फुकट नाही झाली ती. १९७० साली दोन लीग एक झाल्या तेव्हा अध्यक्ष झाला जॉन मॅकी, काळा माणूस, पाठीवर ८८ नंबर. त्याच वर्षी त्यानं मालकांशी झगडा केला, पेन्शनमध्ये वाढ मिळवली. पुढं कोर्टात गेला. तेव्हा असा नियम होता की करार संपला तरी खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर नव्या मालकानं जुन्याला भरपाई द्यायची. म्हणजे माणूस सुटला तरी दावं सुटत नाही. १९७६ साली कोर्टानं तो नियम बेकायदा ठरवला. १९७४ साली संप. १९८२ साली ५७ दिवसांचा संप. १९८७ साली २४ दिवसांचा संप, मालकांनी बदली माणसं मैदानात उतरवून मोडला. आज तिथला खेळाडू जो पगार घेतो, संघ बदलायची जी मोकळीक घेतो, त्याच्या पायात ह्या जुन्या लोकांचं रक्त आहे.

मग ते जुने लोक म्हातारे झाले. आणि युनियनच्या दारात आले.

दारात कोण बसलं होतं? जीन अपशॉ. १९८३ पासून २००८ ला मरेपर्यंत युनियनचा सर्वेसर्वा. हा कुणी मालकाचा जावई नव्हता. काळा माणूस. स्वतः नामांकित खेळाडू. आणि खेळला कुठं? ओकलंडमध्ये. ज्या गावात १९६६ साली ब्लॅक पँथर निघाली, त्याच गावच्या संघात १९६७ साली तो आला. त्या माणसानं २००६ साली वर्तमानपत्राला सरळ सांगितलं की मी रिटायर लोकांचा नोकर नाही; त्यांनी मला नेमलेलं नाही आणि ते मला काढूही शकत नाहीत.

दोस्तहो, ह्या वाक्यावर थांबा. माणूस खोटं बोलत नव्हता, कायदा बोलत होता. १९७१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एका काच कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की रिटायर झालेला माणूस कायद्याच्या अर्थानं 'कामगार' राहत नाही. तो वाटाघाटीच्या टेबलाबाहेर. त्याला मत नाही. मत नाही म्हणजे भीती नाही. आणि ज्याची भीती नाही त्याची आठवण पुढाऱ्याला राहत नाही, मग पुढारी कुठल्याही रंगाचा असो, कुठल्याही जातीचा असो. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणून खुर्ची आपली होत नाही. ती खाली खेचायचा दोर कुणाच्या हातात आहे, हे बघायचं. हे अमेरिकेचंच आहे असं समजू नका. आपल्या घरात आरसा असेल तर त्यातही बघा.

आता पैशाची गोष्ट ऐका. युनियननं रिटायर लोकांना कागद पाठवले: सह्या करा, तुमचं नाव, फोटो, नंबर आम्ही सगळ्यांचं एकत्र विकू. २,०६२ जणांचं प्रकरण पुढं कोर्टात उभं राहिलं. व्हिडिओ गेमच्या कंपनीनं खेळ काढला. त्यात आजचे संघ आणि जुने नामांकित संघही. आजच्या खेळाडूंना त्याचा वाटा मिळाला. जुन्यांना काय? गेममध्ये उंची तीच, वजन तेच, जागा तीच, कसब तेच. फक्त नाव गायब आणि पाठीवरचा नंबर बदललेला. कोर्टात एक पत्र निघालं, २००१ सालचं. युनियनच्याच कंपनीतून गेम कंपनीला गेलेलं. त्यात म्हटलं होतं की जुन्या खेळाडूंची ओळख पटणार नाही अशी फिरवाफिरव करा. बघा, चोराला कुलूप कुठं आहे ते घरातल्यानंच दाखवलं.

हर्ब अ‍ॅडर्ली नावाच्या म्हाताऱ्या खेळाडूच्या नावानं दावा लढला गेला. १० नोव्हेंबर २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीनं निकाल दिला, की युनियननं ह्या लोकांचा विश्वासघात केला. ७१ लाख डॉलर भरपाई आणि वर २ कोटी १० लाख डॉलर दंड. पुढच्या वर्षी २ कोटी ६२ लाख ५० हजारांवर तडजोड झाली. मालकाच्या विरोधात नाही, आपल्याच युनियनच्या विरोधात! माणसाला आपल्या घराविरुद्ध साक्ष द्यावी लागते तेव्हा तो जिंकला तरी आनंदानं घरी जात नाही.

पैसा एक बाजू. दुसरी बाजू अंगाची. माइक वेबस्टर, पिट्सबर्गचा सेंटर, चार वेळा अजिंक्यपद जिंकलेला. शेवटी स्वतःच्या गाडीत झोपायचा. २००२ साली पन्नासाव्या वर्षी गेला. डॉक्टरांनी मेंदू तपासला तर तो वारंवारच्या धक्क्यांनी आतून सडलेला. अपंगत्वाची पेन्शन ठरवणाऱ्या बोर्डावर सहा जण मत देतात. तीन मालकांचे, तीन युनियनचे. त्या बोर्डानं त्याला कमी पेन्शनच्या रकान्यात टाकलं. त्याच्या माघारी वारसांनी दावा लढला आणि २००६ साली अपील कोर्टातही जिंकला. मेलेल्या माणसाला न्याय मिळाला. हातात घ्यायला हात नव्हता.

त्याच बोर्डावर पुढं युनियनकडून बसला डेव्ह ड्युअर्सन. तोही खेळाडू, तोही काळा. डोक्याच्या दुखण्याचे अर्ज त्याच्यासमोर येत. खेळाचा आणि मेंदूच्या दुखण्याचा संबंध त्यानं २००७ साली सिनेटच्या समितीपुढं मान्य केला नाही. २०११ साली त्यानं जीव दिला, माझा मेंदू तपासायला द्या असं सांगून. तपासला. तेच दुखणं. ज्यांचे अर्ज तो वाचत होता, त्यांच्यातलाच तो एक होता. त्याला शिव्या द्यायला माझी जीभ वळत नाही. तीन मालकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसवलं की आपल्याच डोक्यातली कळ माणसाला परक्याची वाटायला लागते.

आणि जॉन मॅकी? युनियनचा तो लढाऊ अध्यक्ष? त्याला स्मृतिभ्रंश झाला. बायको सिल्व्हिया पुन्हा विमानात नोकरीला लागली, विम्यासाठी. तिनं लीगच्या कमिशनरला पत्र लिहिलं, तेव्हा कुठं २००७ साली मालक आणि युनियन मिळून योजना निघाली. त्याच्या नंबरवरून नाव दिलं 'एटी-एट प्लॅन'. वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत देखभालीचा खर्च. ज्यानं युनियन उभी केली त्याच्यासाठी त्याच्या बायकोला पत्र लिहावं लागलं. २०११ साली तो गेला.

आता जे सांगतो ते आपल्या कातडीला लागणारं आहे. डोक्याच्या दुखण्यावर हजारो जुन्या खेळाडूंनी लीगवर, म्हणजे मालकांवर, दावे केले. समझोता झाला, २०१५ साली कोर्टानं मंजूर केला. स्मृतिभ्रंश सिद्ध केला की पैसे. सिद्ध कसा करायचा? परीक्षा घेऊन. आणि त्या परीक्षेचे मार्क मोजताना काळ्या माणसाला वेगळी पट्टी लावायची सोय होती. काळ्याची बुद्धी मुळातच कमी असते असं धरायचं! म्हणजे गोऱ्या आणि काळ्या दोघांचे मार्क सारखे आले तर गोरा आजारी, काळा ठणठणीत. २०२० साली केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट कोर्टात गेले. केन जेनकिन्स आणि त्याची बायको एमी लुईस यांनी २०२१ च्या मे महिन्यात ५० हजार सह्या फिलाडेल्फियाच्या कोर्टात नेऊन टाकल्या. जूनमध्ये लीगनं ही पट्टी बंद करायचं कबूल केलं, २०२२ च्या मार्चमध्ये कोर्टाचं शिक्कामोर्तब झालं. एकविसाव्या शतकात, दोस्तहो! मेंदू फुटला तरी त्या मेंदूची जात विचारली.

आपल्याकडं हे जुनंच आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटे. पगार तिथंच जास्त. लाल बावटा होता, संप होते, घोषणा होत्या. पण ह्या धाग्याचा प्रश्न युनियनला दिसत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो पुढाऱ्यांच्या पुढ्यात टाकला तेव्हा नाखुशीनं त्यांनी मागण्यांत घेतला. दहा वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी बजावलं की आपले शत्रू दोन: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. युनियन पहिल्याकडं डोळेझाक करून दुसऱ्याशी लढते तेव्हा आपला माणूस संपात पुढं आणि वाटपात मागं राहतो.

आता गोदी. आमच्या इथं युनियनच्या भिंतीबाहेर दोन प्रकारची माणसं उभी असतात. एक माझ्यासारखी कंत्राटी पोरं, जी अजून 'कामगार' झाली नाहीत. दुसरी म्हातारी, जी आता 'कामगार' राहिली नाहीत. मी बघितलंय, चाळीस वर्षं ओझी उचललेला म्हातारा औषधाच्या बिलाची पिशवी घेऊन युनियन ऑफिसच्या बाकावर बसतो आणि सेक्रेटरी त्याला नाव विचारतो. नाव! त्याच्या वर्गणीच्या पावत्यांवर ज्या ऑफिसचा पंखा फिरतो तिथं. मला त्याच्यात माझा चाळीस वर्षांनंतरचा खांदा दिसतो.

काही जण म्हणतील, आजच्या पोरांच्या वर्गणीतून कालच्यांना किती पोसायचं? त्यांना माझं उत्तर एवढंच, की आजची पोरं उद्याची म्हातारी आहेत. ज्या युनियनला रिटायर माणूस ओझं वाटतो, ती तरुणाला सांगत असते की अंग चालतंय तोवर तू आमचा. मालक तरी दुसरं काय सांगतो?

आणखी काही जण म्हणतील, मग मोडा ही युनियन. मी म्हणतो, का मोडायची? मॅकीनं बांधलेली, गोदीतल्या म्हाताऱ्यानं बांधलेली. अमेरिकेतल्या जुन्यांनीही मोडली नाही, भांडले. २०११ च्या करारात १९९३ च्या आधीच्या खेळाडूंसाठी १० वर्षांत ६२ कोटी डॉलरचा निधी काढावा लागला, तो ह्याच बोंबाबोंबीमुळं. पण आमच्या वतीनं बोलणी करायचा तुम्हाला काय अधिकार, म्हणून कार्ल एलर आणि साथीदार युनियनविरुद्ध कोर्टात गेले, तर २०१३ पर्यंत दोन्ही कोर्टांनी दावा फेटाळला. पैसा थोडा आला, मत आलं नाही. म्हणून आपण मागायचं ते मत आधी, पैसा नंतर.

तीन गोष्टी तुमच्या युनियनमध्ये जाऊन मागा. पेन्शन, औषधपाणी, अपंगत्व ह्यांची बोलणी होतील तिथं रिटायर लोकांनी स्वतः निवडलेला माणूस हवा, आणि त्याला मत हवं. कंत्राटी पोराला सभासद करा, दारातच्या दारात. आणि पैशाचा हिशोब वर्षातून एकदा सर्वांसमोर मोठ्यानं वाचा, मराठीत, आकड्यासकट. न वाचणाऱ्याला निवडून देऊ नका.

हे मागताना तुम्हाला फुटीर म्हणतील. म्हणू द्या. १९२८ साली धाग्याचा प्रश्न काढला तेव्हाही एकजूट मोडते म्हणूनच ओरड होती. आपल्याला वगळून केलेल्या एकजुटीत आपलं काय मोडणार?

परवापासून आपल्या वस्तीतल्या रिटायर माणसांची यादी करायला घ्या. गिरणी, गोदी, रेल्वे, सफाई. नाव, किती वर्षं काम, कुठली युनियन, काय थकलंय. नाव नीट लिहा. आणि ती यादी घेऊन त्यांच्यासोबत ऑफिसात जा. त्यांना एकटं बाकावर बसू देऊ नका.

जयभीम.