जांघेतील अवधाण



कापसाच्या वेचणीचे दिवस होते. बाजारहत्नूरच्या आमच्या वर्गात एक मुलगा लंगडत आला. जांघेत अवधाण आले होते. घरच्यांनी तापलेल्या विटेने शेकून ते चोळलेही होते. गाठ जिरवावी, एवढाच त्यांचा हेतू. मी पाय पाहिला तो टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिलेला आणि भोवती पू धरलेला. दवाखान्यात काटा काढला, औषध मिळाले. आठ-दहा दिवसांत अवधाण आपोआप बसले.

काटा टाचेत आणि गाठ जांघेत, हे कसे?

रक्तातील पातळ अंश सूक्ष्म केशवाहिन्यांतून सतत बाहेर झिरपतो व पेशींना न्हाऊ घालतो. त्यातला पुष्कळसा परत जातो. उरतो तो, दिवसाकाठी सुमारे ३ लिटर, लसीकावाहिन्या उचलून नेतात. खरचटल्या जागी जी लस पाझरते, तिच्याच जातीचा हा द्रव. त्याला ढकलणारे हृदय नाही. आपण चालतो, श्वास घेतो, त्या दाबाने तो पुढे सरकतो. वाहिन्यांतील झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. गळ्याच्या पायथ्याशी तो पुन्हा रक्तात मिळतो.

पण तेथे पोहोचण्यापूर्वी त्याला लसीका ग्रंथींतून जावे लागते. अशा शेकडो ग्रंथी शरीरात आहेत. मान, काख आणि जांघ येथे त्यांचे पुंजके. पायाची लस जांघेतच प्रथम अडते. तेथील पांढऱ्या पेशी तिच्यातील जंतू ओळखतात व झपाट्याने वाढू लागतात. चौकीवर कुमक आली की चौकी गजबजते, तशी ग्रंथी फुगते आणि दुखते. चोळून काय साधणार? दुखणे टाचेत आहे!

जंतू वरचढ ठरला तर मात्र चौकी पडते. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेग ओळखला. आपल्या लोकांनी त्याला गाठीचा ताप म्हटले, ते अचूकच होते. पिसू बहुधा पायाला चावे, जंतू लसीकेतून जांघेत पोहोचत, ग्रंथी मोठी होई आणि पुढे विष रक्तात भिने. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस मुंबईतच सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगाच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या.

मेलेला जंतू रोग देत नाही, परंतु ग्रंथींतील पेशी त्याची खूण लक्षात ठेवतात. खरा जंतू आलाच तर पहिल्या वेळेइतका विलंब लागत नाही. जखमेतून पाझरते तीही लस आणि टोचतात तीही लस. आपल्या भाषेने हे दोन्ही एका शब्दात बांधले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

एक गोष्ट मात्र राहिली. जखम कोठेच नसता मानेत न दुखणारी गाठ आली, दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, संध्याकाळी अंगात कसर राहू लागली, तर ते अवधाण नव्हे. क्षयाची गंडमाळ असू शकते. मुलींच्या बाबतीत ही गाठ पदराआड लपविली जाते, लग्नाच्या धास्तीने. डॉक्टर सुईने तिच्यातील थोडा अंश काढून तपासतात. क्षय निघाला तरी साधारण सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी तो बहुधा पूर्ण बरा होतो, आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.