मागचं चाक बदलताना

मागचं चाक वाकलं की बाईची सायकल गंजत पडते. अंगणवाडीची नोकरी, मुलीची शाळा तिच्यावरच असते, तरी दुकानदार म्हणतो, ‘घरातल्या पुरुषाला पाठवा.’ अजिबात पाठवू नका. टायरच्या कडेवरचा आकडा लिहून न्या. जुन्या २८ इंचीवर शेवटी ६३५ असतं, २६ इंची लेडीज सायकलवर पुष्कळदा ५९०. ‘२६’ म्हणूनच ५५९ चं चाकही गळ्यात मारतात. त्यावर आपला टायर बसत नाही, ब्रेकही पोचत नाही. सळईचे ब्रेक असतील तर रिम जुन्याच घाटाची हवी, कारण गुटके आतून, स्पोकच्या बाजूनं दाबतात. हब धड असेल तर अख्खं चाक कशाला? नुसती रिम बदलून मिळते. घेताना भोकं मोजा: जुन्या सायकलींना मागं बहुतेक ४०, पुढं ३२.